डहाळीचा शेंडा, दगडखाण आणि पान क्रमांक ८४

दिनांक: १० फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. कुलसचिव,
कयाधू विद्यापीठ,
हिंगोली.

विषय: एम.ए. (संशोधन) जनसंवाद या पदवीसाठीचा माझा प्रबंध कोणीतरी वाचण्याबाबत. तसेच माझे आजोबा श्री. दगडोबा पोले हे अस्तित्वात असल्याची लेखी नोंद मिळण्याबाबत.

संदर्भ: १) जनसंवाद विभागाची वाङ्मयचौर्याबाबतची नोटीस, दि. १८ नोव्हेंबर २०२४.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज. (उत्तर नाही.)
३) स्थळ पाहणी समितीचा अहवाल, दि. २४ जानेवारी २०२५.

महोदय,

या विषयावर आपणांस अर्ज करण्याची माझी ही चौथी वेळ आहे. पहिल्या तीन अर्जांत मी हात जोडले होते. या अर्जात हात मोकळे ठेवले आहेत, कारण जोडपत्रे बरीच आहेत आणि ती धरायला हात लागतात. तरी भाषेत काही उणे-अधिक झाल्यास तो मी आपल्याच विभागात दीड वर्ष शिकल्याचा परिणाम समजावा.

१. मी, दिपाली प्रभू पोले, कायमचा पत्ता आखाडा बाळापूर, ता. कळमनुरी. हल्लीचा पत्ता मेंढरांचा तळ जिथे असेल तिथे. आमचे घराणे मेंढरे राखणारे. वर्षातले सात-आठ महिने आई-वडील मेंढरे घेऊन या शिवारातून त्या शिवारात जातात, लोकांच्या रिकाम्या रानात मेंढरे बसवतात, लेंडीखत पडले की पुढे निघतात. मी मात्र पाचवीपासून वसतिगृहात होते. म्हणजे माझ्या घराबद्दल मला जेवढे ठाऊक होते, तेवढे बहुधा आपल्या शिपायालाही असेल. हे मी मुद्दाम आधीच सांगते, पुढे त्याचे काम पडणार आहे.

२. जुलै २०२३ मध्ये मी उपरोक्त पदवीसाठी प्रवेश घेतला. मार्गदर्शक म्हणून विभागाने प्रा. डॉ. विश्वंभर टाकसाळे यांची नेमणूक केली. मी विषय सांगितला, "मेंढपाळांच्या तळांमधील निरोपांची देवाणघेवाण." सरांनी चष्मा काढला, पुसला आणि विचारले, "मेंढरांचा आणि जनसंवादाचा काय संबंध?" त्यांनी मला "समाजमाध्यमांचा युवकांवर होणारा परिणाम" हा विषय सुचवला. विभागाच्या कपाटात या विषयाचे चौदा प्रबंध आहेत. मी ते सर्व चाळले. चौदाही प्रबंधांत परिणाम होतो असेच निघाले आहे. पंधराव्यांदा तो होतो की नाही हे बघण्याची मला उत्सुकता नव्हती. म्हणून मी माझ्या विषयावर अडून बसले. सरांनी "तुझं तू बघ" म्हणून सही केली, आणि ती सही हेच त्यांचे माझ्या प्रबंधाला झालेले एकमेव मार्गदर्शन आहे. सरांनी मेंढी जवळून पाहिलीच असेल तर ती ताटात. माझ्या माहितीप्रमाणे ते तळावर कधीही आलेले नाहीत.

३. आता खुणेविषयी. ते नीट वाचावे ही विनंती, कारण सगळे प्रकरण त्या खुणेत अडकलेले आहे.

तळ हलला की मागून येणाऱ्या माणसाला कळावे म्हणून वाट जिथे फुटते तिथे आमचे लोक एक डहाळी ठेवतात. तिच्यावर दगड असतो. आजूबाजूला आणखीही काही असते. बघणाऱ्याला वाटते, कोणी तरी काटेरी फांदी वाटेतून बाजूला टाकली आहे. आपल्या माणसाला त्यावरून तळ कुठे आहे, रान कोणाचे आहे आणि पाणी जवळ आहे की लांब, एवढे सगळे कळते.

माझ्या प्रबंधातले तिसरे प्रकरण या खुणेवर आहे. मे २०२४ मध्ये मी आजोबांना, म्हणजे आबांना, समोर बसवले. विभागाचे चार पानी संमतीपत्र त्यांना वाचून दाखवले, अंगठा घेतला, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून त्यांच्या तोंडासमोर धरला आणि विचारले, "आबा, डहाळी कशी वाचायची?" आबांनी घसा साफ केला आणि सांगितले, "शेंडा जिकडं, तिकडं तळ." मी तसेच लिहिले. दि. ११ जून २०२४ रोजी ते प्रकरण सरांना ई-मेलने पाठवले. (जोडपत्र १.)

४. त्यानंतर पंधरा दिवसांनी मी तळावर गेले आणि ते प्रकरण वडिलांना मोठ्याने वाचून दाखवले. शेंड्यापर्यंत आले आणि वडील हसायला लागले. हातातली कातरलेली लोकर खाली ठेवून ते हसले. आईही हसली. मी म्हटले, "काहून हसून राहिले?" वडील म्हणाले, "आबानं तुला बी फसवलं गं पोरी."

आमच्यात परक्या माणसाला मेंढरांची संख्या सांगत नाहीत आणि तळाची दिशा सांगत नाहीत. चोरापासून राखण म्हणून ही जुनी रीत आहे. कोणी विचारलेच तर "शेंडा जिकडं तिकडं" असे सांगायचे ठरलेले आहे, आणि शेंडा मुद्दामच भलत्या वाटेकडे करून ठेवलेला असतो. खरी खूण दुसऱ्याच गोष्टीत असते. ऐंशी वर्षांच्या आबांच्या तोंडात, समोर कागद आणि मोबाइल बघून, आपोआप परक्याचे उत्तर आले. नंतर ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "माजं ध्यान त्या मोबाइलकडं व्हतं लेकरा, तुज्याकडं न्हवतं."

महोदय, मला त्या दिवशी फार वाईट वाटले. माझ्याच माणसांच्या तळाची वाट मला ठाऊक नव्हती, आणि ती शिकायला मला विद्यापीठाचा फॉर्म भरावा लागला. पण त्याच दिवशी वडिलांनी मला वाटेवर नेऊन, डहाळी ठेवून, सगळे शिकवले. मी प्रकरण दुरुस्त केले. खरी खूण प्रबंधाच्या पान ८४ वर आहे. ती छापली तर चालेल का, असे मी वडिलांना विचारले होते. ते म्हणाले, "लिही. चौऱ्याऐंशी पानं वाचत आलेला मानूस चोर नसतोय."

५. दि. ४ नोव्हेंबर २०२४ रोजी मी प्रबंध सादर केला. विभागाने तो वाङ्मयचौर्य शोधणाऱ्या संगणकात घातला. संगणकाने तिसऱ्या प्रकरणात साम्य ६३ टक्के दाखवले. त्यापैकी ५८ टक्के एकाच लेखाशी होते. लेखाचे नाव "मराठवाड्यातील पशुपालकांची अशाब्दिक संदेशप्रणाली: एक चिकित्सक अभ्यास", प्रसिद्धी सप्टेंबर २०२४, लेखक प्रा. डॉ. विश्वंभर टाकसाळे. (जोडपत्र २.)

ज्यांना मेंढरांचा आणि जनसंवादाचा संबंध कळत नव्हता, त्यांना तीन महिन्यांत तो इतका कळला की आंतरराष्ट्रीय नियतकालिकात मावेनासा झाला. माझ्यावर नोटीस निघाली की मी माझ्या मार्गदर्शकांचे लेखन चोरले.

६. सरांनी माझे प्रकरण उचलताना ते वाचण्याचेही कष्ट घेतले नाहीत, हे आपल्या निदर्शनास आणून देते. माझ्या जूनच्या मसुद्यात मी स्वतःसाठी एक टिपण लिहिले होते. सरांच्या छापील लेखात पृष्ठ ७ वर ते जसेच्या तसे आहे: "पाऊस लागल्यावर डहाळी वाहून जाऊ नये म्हणून कोणती काळजी घेतली जाते? (आईला विचारणे.)"

सरांच्या मातोश्री परभणीला शिक्षिका होत्या असे सर वर्गात नेहमी सांगतात. त्यांनी मेंढरे राखल्याचे सरांनी कधी सांगितलेले नाही. मी ही बाब दुसऱ्या अर्जात मांडली. त्या अर्जाला आपल्याकडून उत्तर आले नाही, पण विभागातून तोंडी खुलासा मिळाला की कंसातील वाक्य हा "लेखकाच्या चिंतनशील शैलीचा भाग" आहे. चिंतन झाले असेल तर काय उत्तर मिळाले तेही लेखात यायला हवे होते. माझ्या आईने दिलेले उत्तर प्रबंधाच्या पान ९१ वर आहे. ते सरांकडे नाही, कारण ते मी ऑगस्टमध्ये लिहिले आणि तोपर्यंत सरांचा लेख छापायला गेला होता.

७. प्रबंध कोणीतरी एकदा वाचून बघावा अशी मी विनंती केली. त्यावर विभागाने तोंडी कळवले की चौकशी पूर्ण होईपर्यंत प्रबंध सीलबंद राहील व कोणालाही उघडता येणार नाही. म्हणजे आरोप प्रबंधावर, चौकशी प्रबंधाची, आणि प्रबंध कपाटात. आजपर्यंत तो फक्त यंत्राने वाचलेला आहे. यंत्राची तक्रार नाही, त्याने निदान पूर्ण वाचला.

८. चौकशीसाठी तीन सदस्यांची स्थळ पाहणी समिती नेमली. अध्यक्ष वाणिज्य शाखेचे, एक सदस्य रसायनशास्त्राचे, आणि "या विषयातील एकमेव प्रकाशित तज्ज्ञ" म्हणून तिसरे सदस्य स्वतः टाकसाळे सर. ज्याच्या घरी मुद्देमाल सापडला त्यालाच पंचनाम्याला बसवण्याची ही पद्धत मी अन्यत्र पाहिलेली नाही. समितीचे पत्र आले: मी सांगितलेली माणसे व खूण खरोखर आहेत की नाहीत हे समिती स्वतः पडताळणार, वडिलांनी खूण नेहमीप्रमाणे ठेवावी, अर्जदाराने समितीशी फोनवर वा समक्ष संपर्क साधून प्रभाव टाकू नये.

आम्ही पत्राचे तंतोतंत पालन केले. त्या आठवड्यात तळ वारंगा फाट्याच्या अलीकडे, नर्मदाबाई यांच्या सोयाबीन निघालेल्या रानात होता. रस्त्यावरून खाली उतरणारी पांदण पुढे तीन वाटांत फुटते. एक वाट बंद पडलेल्या दगडखाणीकडे जाते, एक कालव्याकडे, एक शिवारात. वडिलांनी तिथे डहाळी ठेवली. आईने सकाळी चुलीवर दूध तापवून ठेवले, कारण साहेब लोक येणार. नर्मदाबाईंनी घरून चार कप बशांसकट पाठवले. आबांनी धुतलेले धोतर नेसले आणि पागोटे बांधले.

दि. १९ जानेवारी रोजी सकाळी अकराच्या सुमारास पांढरी जीप पांदणीने आली. तळ थोडा उंचावर, बाभळींच्या आड असल्याने आम्हाला सगळे दिसत होते, त्यांना आम्ही दिसत नव्हतो. तिठ्यावर जीप थांबली. टाकसाळे सर उतरले. त्यांनी हातातला कागद पाहिला, वाकून डहाळी पाहिली, शेंड्याकडे हात केला, आणि जीप दगडखाणीकडे गेली.

मी म्हटले, "हाक मारू का?" वडील म्हणाले, "काहून? वाचून आलेत ते. लिवलंय तिकडंच जाऊ दे."

९. समितीचा अहवाल (जोडपत्र ४) मी सोबत जोडत आहे. तो माझ्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा असल्याने त्याची प्रत मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली आहे. अहवालातील परिच्छेद ३ असा: "समितीने तिठ्यावरील डहाळीचे निरीक्षण केले. तज्ज्ञ सदस्यांच्या प्रकाशित संशोधनानुसार शेंड्याच्या दिशेने मार्गक्रमण केले. सकाळी ११.२० ते दुपारी २.३५ या वेळेत शोध घेतला असता खाणीत साचलेले पाणी व प्लास्टिकची एक चप्पल याव्यतिरिक्त काहीही आढळून आले नाही." परिच्छेद ४ मधील निष्कर्ष असा: "सबब अर्जदाराने नमूद केलेला तळ, मेंढरे तसेच माहितीदाता दगडोबा पोले हे काल्पनिक असण्याची दाट शक्यता आहे."

सव्वातीन तास तीन पदवीधर माणसे एका खाणीत माझ्या आजोबांना शोधत होती. त्या वेळात दुधावर दोनदा साय आली. दुपारी अडीच वाजून गेल्यावर जीप परत जाताना दिसली तेव्हा आईने चहा आमच्यातच वाटला. कप नर्मदाबाईंना परत केले.

खूण माझी आहे की सरांची, एवढाच प्रश्न होता. खूण सरांची असती तर ती त्यांना वाचता आली असती. सर आमच्या लोकांकडून काही शिकले असते तर खाणीत गेले नसते. ते खाणीत गेले, कारण त्यांच्याजवळ माझा जून महिन्यातला, चुकलेला मसुदा होता, आणि ती चूक जगात फक्त दोनच ठिकाणी लिहिलेली आहे: माझ्या ई-मेलमध्ये आणि सरांच्या लेखात. हे समजायला जनसंवादाची पदवी लागत नाही. समितीकडे तीन पीएच.डी. होत्या आणि त्या अपुऱ्या पडल्या, याबद्दल मला खेद वाटत नाही.

१०. अहवालानंतर विभागाने मला दोन पर्याय दिले. एक, माफीनामा लिहून द्यावा, म्हणजे याच मार्गदर्शकांकडे नवीन विषयावर पुन्हा नोंदणी मिळेल. (सुचवलेला विषय: समाजमाध्यमांचा युवकांवर होणारा परिणाम.) दोन, दि. २८ फेब्रुवारीपर्यंत माफीनामा न दिल्यास प्रवेश रद्द, आणि पुढील पाच वर्षे कोणत्याही संशोधन पदवीस अपात्र.

माफीनाम्याचा नमुना विभागाने स्वतःच टाइप करून दिला आहे. त्यात मला असे कबूल करायचे आहे की तिसऱ्या प्रकरणातील माहितीचे मूळ प्रा. टाकसाळे यांचे आहे. मी सही केली तर आबांनी, आबांच्या वडिलांनी आणि त्यांच्याही मागच्या माणसांनी ही खूण सप्टेंबर २०२४ मध्ये हिंगोलीतल्या एका प्राध्यापकाकडून शिकली, असे सरकारी कागदावर होईल. माझ्या शिक्षणासाठी आईने बारा वर्षे मला स्वतःपासून लांब ठेवले. पदवी मला हवी आहे, फार हवी आहे, खोटे कशाला बोलू. वर्गातल्या दोन मैत्रिणींनी समजावले की सही कर, कोण बघते. वसतिगृहात चार दिवस तो कागद मी उशीखाली ठेवून झोपले. पाचव्या दिवशी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर या अर्जाचा कच्चा मसुदा लिहिला. त्यामुळे नमुना परत करता येत नाही, क्षमस्व. या अर्जातली क्षमा एवढीच.

११. अहवाल मी तळावर वाचून दाखवला. परिच्छेद ४ आबांनी पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाले, "मंग मी हाय का न्हाई, ते त्यायला ईचारून लिवून आन." मी हसण्यावारी नेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारले. आता रोज विचारतात. आबांनी आयुष्यात कोणाचा कागद मागितला नाही, पण कागदावर त्यांना नाही म्हटलेले त्यांना लागले आहे. आपल्या समितीला हे माणूस काल्पनिक वाटत असेल, पण ते रात्री खोकते, सकाळी चहात दोन चमचे साखर मागते आणि माझी पदवी कधी संपणार म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते.

१२. सबब खालीलप्रमाणे मागणी करते:

(अ) प्रबंधाचे सील दि. २८ फेब्रुवारीपूर्वी उघडावे आणि तो एका माणसाने पहिल्या पानापासून वाचावा. माणूस कोणत्याही शाखेचा चालेल. वाचता येणे पुरेसे आहे.

(आ) श्री. दगडोबा पोले, वय अंदाजे ८०, हे आहेत, असे एका ओळीचे पत्र विद्यापीठाच्या शिक्क्यानिशी द्यावे. शिक्का गोल असावा, आबांना गोल शिक्का खरा वाटतो.

(इ) समितीने पुन्हा यावे. तळ दि. २२ फेब्रुवारीपर्यंत हिंगोली तालुक्याच्या हद्दीजवळ असेल, नेमके कुठे ते या अर्जात लिहीत नाही. कोणती पांदण ते समितीने दिवस कळवल्यावर सांगू; ती जिथे तीन वाटांत फुटते तिथे वडील डहाळी ठेवतील. टाकसाळे सरांनी त्यांच्या लेखाच्या आधारे यावे. अन्य एका सदस्याने माझ्या प्रबंधाच्या आधारे यावे. दोघांनी एकाच वेळी तिठ्यावरून निघावे. जो आबांसमोर येऊन बसेल त्याच्या हातातला कागद खरा मानावा. आई दूध तापवून ठेवेल, मात्र या वेळी दोनच कप मागवले आहेत, एक येणाऱ्याचा आणि एक आबांचा.

शेंडा खोटा आहे हे आता आपणांस कळले. तेवढ्यावरून कोणी वाट काढू म्हणेल, तर तिथे वाटा तीन आहेत आणि उरतात दोन. खरी खूण मी या अर्जात सांगितलेली नाही, व सांगणारही नाही. विद्यापीठाशी माझे आजवर जे काही बोलणे झाले त्यावरून आपण अजून परके आहात, आणि परक्याला काय सांगायचे ते आमच्यात ठरलेले आहे.

सहीपुरती नम्र,

(सही)
दिपाली प्रभू पोले
एम.ए. (संशोधन) जनसंवाद, द्वितीय वर्ष

सोबत जोडले आहे:

१) दि. ११ जून २०२४ च्या ई-मेलची प्रत, चुकलेल्या मसुद्यासह.
२) प्रा. टाकसाळे यांचा लेख. पृष्ठ ७ वरील "आईला विचारणे" या ओळीखाली रेघ मारली आहे. शेंड्याचे वाक्य पृष्ठ ५ वर.
३) श्री. दगडोबा पोले यांचे संमतीपत्र, अंगठ्यासह. काल्पनिक माणसाच्या अंगठ्याला शाई लागते का, हे रसायनशास्त्राच्या सदस्यांनी तपासावे.
४) स्थळ पाहणी समितीचा अहवाल.
५) प्रबंधाचे पान ८४: जोडलेले नाही. नोव्हेंबरपासून आपल्याच कपाटात आहे.